सोन्यालाही जेथे विटाळ असतो

उन्हाळ्याच्या दुपारी जुन्या घराच्या माजघरात काचेच्या कौलातून उन्हाची एक तिरीप खाली उतरते, आणि क्षणापूर्वी जी हवा आपणांस निखालस निर्मळ वाटत होती तिच्यात असंख्य कण सावकाश वरखाली तरंगत असल्याचे एकाएकी दृष्टीस पडते. सकाळीच केर काढलेला, जमीन सारवलेली, दारे लोटलेली; मग ही धूळ आली कोठून, असा प्रश्न लहानपणी बहुतेकांनी वडीलधाऱ्यांस विचारलेला असतो, आणि ‘ती असतेच, ऊन पडले म्हणून दिसली,’ एवढ्या उत्तरावर समाधान मानून घेतलेले असते. उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. या धुळीचा काही वाटा वाऱ्याने बाहेरून आणलेला असला, तरी पुष्कळसा पुरवठा आपण स्वतःच करीत असतो: कपड्यांचे तंतू, कातडीचे सुटलेले सूक्ष्म पापुद्रे, केसांतला कोंडा. शिवाय कवडशात दिसतात ते त्यातल्या त्यात थोराड कण होत. त्यांच्याहून धाकटे असे कितीतरी कण त्याच तिरिपेत असतात आणि डोळ्यांना चुकवून जातात.

माजघरातल्या माणसाचे या कणांमुळे काही बिघडत नाही. परंतु समजा, कोणा भौतिकशास्त्रज्ञाला सोन्याचे एक वेढणे घडवावयाचे आहे. त्याचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही किंचित कमी आहे, आणि ज्या तारेचे ते वेढणे वळावयाचे त्या तारेची रुंदी आहे अवघी ४० नॅनोमीटर. ही तार आपण चार मीटर रुंदीचा गाडीरस्ता मानली, तर कवडशातही न दिसणारा अर्ध्या मायक्रॉनचा धूलिकण म्हणजे त्या रस्त्यावर कोसळलेला पन्नास मीटर उंचीचा खडक ठरतो. असे वेढणे कोणत्या सोनाराकडे घडते, ते घडविणाऱ्या कारखान्याची व्यवस्था कशी असते, आणि तो कारखाना कोणा एकाच्या मालकीचा न राहता सामाईक का झाला, हे या लेखात सांगावयाचे आहे.

वेढणे इतके लहान कशासाठी?

घन आणि द्रव पदार्थांत अणू एकमेकांस खेटून राहतात. अशा दाटीत कोट्यवधी इलेक्ट्रॉन मिळून जे वर्तन करतात त्याचा विचार करणाऱ्या शास्त्रशाखेला ‘संघनित द्रव्याचे भौतिकशास्त्र’ असे नाव आहे. तांबे वीज का वाहून नेते, काच का नेत नाही, लोखंड चुंबक का बनते, हे तिचे जुने प्रश्न. इलेक्ट्रॉन हा कणाप्रमाणे तरंगही आहे, हे या शाखेतील पुष्कळशा गोष्टींचे मूळ. मात्र हाताएवढ्या तारेतून वीज वाहत असता या तरंगपणाचा मागमूसही लागत नाही. तो का लागत नाही, हे समजले म्हणजे लहान वेढण्याची गरज आपोआप कळते.

अशी कल्पना करा की दोन टाळकरी देवळाच्या पुढल्या दारापासून एकाच वेळी निघाले. एक डावीकडून, दुसरा उजवीकडून देवळाला वळसा घालतो, आणि दोघेही आपापल्या मनाशी एकाच लयीत टाळ वाजवीत मागल्या दारी येऊन मिळतात. लय टिकली असेल तर दोघांचे ठोके एकावर एक पडतील आणि नाद दुणावेल. वाटेत एखादा खांब आडवा आला, तरी टाळकरी त्याला वळसा घालून पुढे जातो. त्याची वाट वाकडी होते, पण लय सुटत नाही. परंतु वाटेत ओळखीचा गृहस्थ भेटून त्याने ‘काय, कसं काय?’ म्हणून दोन शब्द बोलावयास लावले, की लय गेलीच. इलेक्ट्रॉनाचेही असेच आहे. धातूतला जागचा न हलणारा दोष म्हणजे खांब. तो इलेक्ट्रॉनाची दिशा बदलतो, पण त्याच्या तरंगाची लय मोडत नाही. उष्णतेने थरथरणारे अणू आणि लोखंडासारख्या चुंबकीय धातूचे भरकटलेले अणू हे मात्र बोलघेवडे ओळखीचे. नेहमीच्या तपमानात अशा भेटी इतक्या जवळजवळ घडतात की थोड्याच अंतरात लय हरवते. सोने निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केले म्हणजे अणूंची थरथर थांबत जाते आणि लय एखाद्या मायक्रॉनभर टिकते. म्हणून देऊळच एका मायक्रॉनचे बांधावयाचे.

याकीर अहारोनोव्ह आणि डेव्हिड बोम यांनी १९५९ साली असे दाखवून दिले होते की, इलेक्ट्रॉनाच्या दोन वाटांनी वेढलेल्या पोकळीतून चुंबकक्षेत्र गेले, तर ते क्षेत्र वाटेत प्रत्यक्ष आडवे न येताही एका वाटेची लय पुढे आणि दुसरीची मागे सारते. १९८५ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या यॉर्कटाउन हाइट्स येथील प्रयोगशाळेत रिचर्ड वेब आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे ०.८ मायक्रॉन व्यासाचे सोन्याचे वेढणे घेऊन, ते अतिशीत करून, त्याचा विद्युतरोध मोजला. आणि चुंबकक्षेत्र वाढवीत नेले तसतसा तो रोध लाटांप्रमाणे कमीजास्त होताना आढळला. एका लाटेपासून दुसरीपर्यंतचे अंतर टेस्लाच्या सुमारे आठ सहस्रांशांइतके, म्हणजे आपल्या भागातील पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या जवळजवळ दोनशेपट होते. अडाणी धातूचा एक कडीवजा तुकडा तरंगशास्त्राचे नियम पाळीत होता.

> चौकट: मापांचा मेळ
> मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग मायक्रॉनचा. मायक्रॉनचे पुन्हा हजार भाग केले की एक नॅनोमीटर. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड, रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनांची. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. सोन्याच्या दोन शेजारी अणूंच्या केंद्रांत ०.२९ नॅनोमीटर अंतर असते. म्हणजे ४० नॅनोमीटरांच्या तारेच्या रुंदीत अणूंची संख्या भरते सुमारे एकशेचाळीस.

शिळाप्रेसचे वंशज

या सूक्ष्म नक्षीकामाला इंग्रजीत ज्या शब्दाने ओळखतात, तो ‘लिथोग्राफी’ हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या चांगला परिचयाचा होता; मराठीत त्याला शिळाप्रेस म्हणत. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथे लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे छापताना प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा लागे, आणि एका शिळेवरून काढलेला ठसा दुसरीच्या ठशावर तंतोतंत बसविणे ही कारागिराची खरी परीक्षा असे, कारण तो केसभर सरकला तर ओठांची लाली गालावर जावयाची. आजच्या सूक्ष्मरचनेत शिळेची जागा सिलिकॉनच्या आरशासारख्या गुळगुळीत चकतीने, म्हणजे ‘वेफर’ने घेतली आहे, तथापि थरावर थर अचूक जुळविण्याची ती परीक्षा अद्याप चुकलेली नाही. फरक इतकाच की केसाच्या जाडीचा दोष म्हणजे येथे सर्वनाश.

आपल्या वेढण्याची कृती अशी. प्रथम वेफरवर एका पारदर्शक प्लास्टिकच्या द्रावाचे दोन थेंब टाकून ती चकती मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या वेगाने गरगरा फिरवितात. बहुतेक द्राव कडेने उडून जातो आणि मागे दोनशे नॅनोमीटरांसारखा पातळ, सर्वत्र सारखा लेप राहतो. या लेपाला ‘रेझिस्ट’ म्हणतात. नेहमीच्या वापरातला रेझिस्ट हा दुसरे-तिसरे काही नसून दुकानांच्या पाट्यांना जे ॲक्रिलिक वापरतात त्याचाच भाऊबंद आहे. लेप भाजून सुकविला की त्यावर चित्र काढावयाचे.

चित्र प्रकाशाने काढता येते. नियतकालिकांची चित्रे जस्ताच्या ‘ब्लॉक’वर उठविणारे कारागीर हेच करीत: प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप, त्यावर चित्रातून पाडलेला उजेड, आणि मग आम्ल. परंतु प्रकाश हाही तरंगच असल्यामुळे स्वतःच्या तरंगलांबीहून फारसे बारीक काम त्याच्याकडून साध्या यंत्राने होत नाही. अशा प्रयोगशाळांत बहुधा ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरतात आणि त्याने अर्ध्या-एक मायक्रॉनपर्यंतची रेघ निघते. चाळीस नॅनोमीटरांची रेघ त्याला मागणे म्हणजे कुंच्याने मोत्यावर अक्षरे काढावयास सांगणे होय. मोठे कारखाने प्रकाशाची तरंगलांबी कमी करीत करीत याहून पुष्कळ पुढे गेले आहेत. मात्र त्यांची यंत्रे एकाच नक्षीच्या कोट्यवधी प्रती काढण्यासाठी असतात, आणि संशोधकाला तर एकच प्रत हवी असते.

त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनांची लेखणी आहे. एक लाख व्होल्टने हाकललेल्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी ०.००३७ नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी. या इलेक्ट्रॉनांचा टोकदार झोत संगणकाच्या हुकुमाबरहुकूम रेझिस्टवर फिरतो आणि जेथे पडतो तेथे प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडून टाकतो. नंतर वेफर एका सौम्य द्रावकात बुडविली की तुटलेल्या साखळ्यांचा भाग विरघळून जातो व न तुटलेला टिकतो. छापखाना आणि पोथी उतरविणारा लेखनिक यांत जो भेद, तोच प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांत: लेखनिक सावकाश लिहितो, एकेक अक्षर लिहितो, परंतु हवे ते लिहितो. १९५९ सालच्या डिसेंबरात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी पुस्तकाचे पान पंचवीस हजारपट लहान करून दाखविणाऱ्यास बक्षीस जाहीर केले होते. ते १९८५ साली स्टॅनफर्डमधील टॉम न्यूमन या विद्यार्थ्याने अशाच लेखणीने मिळविले. लिहिण्यापेक्षा लिहिलेले पान पुन्हा सापडविणेच त्याला अवघड गेले म्हणतात, आणि अशा यंत्रावर एकदा बसलेल्या कोणालाही त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

वेढण्याची टिकली

तरंगलांबी एवढी सूक्ष्म असता इलेक्ट्रॉनाने अणूएवढी रेघ का काढू नये? अडचण लेखणीत नाही, कागदात आहे. इलेक्ट्रॉन रेझिस्ट भेदून खाली सिलिकॉनमध्ये शिरतात, तेथल्या अणूंवर आपटून उलटतात, आणि काही अंतरावर पुन्हा वर येऊन जेथे काही लिहावयाचे नव्हते तेथल्या साखळ्याही तोडतात. टीपकागदावर शाई फुटावी तसे ते होते. वेढण्याच्या बाबतीत याचा परिणाम मोठा मासलेवाईक असतो. मधली मोकळी जागा चहूबाजूंनी कड्याने वेढलेली असल्याने तिला सर्व बाजूंची शाई पोचते, आणि झोताचा ‘डोस’ जरासा जास्त झाला तरी मधले भोक भरून जाऊन वेढण्याऐवजी टिकली तयार होते. म्हणून शहाणा विद्यार्थी पहिल्या दिवशी एकच वेढणे लिहीत नाही. डोस थोडाथोडा वाढवीत एका ओळीत वीस-तीस वेढणी लिहितो, आणि त्यांतले कोणते जमले ते पाहून तो आकडा आपल्या वहीत उतरवून ठेवतो.

आता सोने. निर्वात भांड्यात मुशीतले सोने तापवून त्याची वाफ करतात. भांड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे एक अब्जांश एवढा उतरविलेला असतो, त्यामुळे सोन्याचा अणू वाटेत हवेच्या रेणूवर न आपटता सरळ जाऊन वेफरवर बसतो. सोने सिलिकॉनवरील काचेसारख्या थराला नीट चिकटत नाही. सबब आधी दोन-चार नॅनोमीटर टायटॅनियमचे अस्तर द्यावे लागते. सोने सर्वत्र पसरते, रेझिस्टवरही आणि रेझिस्टमध्ये कोरलेल्या वाटेतही. मग वेफर ॲसिटोनमध्ये ठेवली की उरलेला रेझिस्ट आपल्या पाठीवरच्या सोन्यासकट निघून जातो आणि वाटेत बसलेले सोने तेवढे मागे राहते. ज्यांनी अंगणात भोकाभोकांच्या छापातून रांगोळी गाळली आहे आणि छाप अलगद उचलताना श्वास रोखून धरला आहे, त्यांना ही क्रिया निराळी समजावून सांगावयास नको. छाप तिरका उचलला गेला तर काय होते तेही त्यांना ठाऊक आहे.

कोणी म्हणेल की हा सारा पसारा कशाला. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव्ह यांनी २००४ साली नुसत्या चिकटपट्टीने शिसपेन्सिलीतल्या पदार्थाचे पदर सोलून ग्राफीन वेगळे केले, आणि २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गोष्ट खरी आहे आणि सांगावयास गोडही आहे. तथापि चिकटपट्टीने मिळाला तो एका अणूच्या जाडीचा पापुद्रा; त्याला विजेची टोके जोडून त्यातून इलेक्ट्रॉन कसे धावतात हे पाहावयाचे, तर इलेक्ट्रॉनांच्या लेखणीकडेच यावे लागले. गोष्टीतला हा अर्धा भाग सांगणारे कमी भेटतात.

हवेचा कारभार

या सर्व कामाला जी खोली लागते तिला सगळे ‘क्लीनरूम’च म्हणतात, आणि आपणही तेच म्हणू. प्रस्तुत लेखकाला अशा एका खोलीत प्रथम जाण्याचा योग आला तेव्हा दारावरच्या मुलीने विचारले, “काका, आज पावडर लावली आहे का?” लावलेली होती, तोंड धुऊन यावे लागले. शिसपेन्सील बाहेर ठेवावी लागली, कारण तिच्या रेघेतूनच भुकटी उडते. घरून नेलेली वहीसुद्धा बाहेर राहिली, कारण साध्या कागदाचे तंतू सुटतात. आत तंतू न सुटणाऱ्या कागदाची निळसर वही मिळते. मग डोईपासून पायापर्यंतचा पांढरा झगा, तोंडावर पट्टी, हातमोजे. शस्त्रक्रियेच्या दालनात वैद्य असाच वेष करतो तो रोग्याच्या रक्षणासाठी. येथे माणसापासून हवेला वाचवावयाचे असते. स्वस्थ बसलेला माणूसही दर मिनिटास सुमारे एक लाख सूक्ष्म कण अंगावरून सोडतो, असा या धंद्यातला ठोकळ हिशेब आहे.

ही खोली झाडून स्वच्छ होत नाही. १९६०च्या सुमारास अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाने असा विचार मांडला की धूळ काढण्याच्या खटपटीत न पडता हवेकडूनच खोली अखंड झाडून घ्यावी. छतभर गाळण्या बसवून त्यांतून गाळलेली हवा एखाद्या दट्ट्याप्रमाणे सरळ खाली, सेकंदाला सुमारे अर्धा मीटर या संथ वेगाने लोटावयाची आणि जमिनीच्या जाळीतून ओढून पुन्हा वर न्यावयाची. भोवरे उठले नाहीत तर सुटलेला कण बाजूला न जाता थेट खाली जातो. शंभर क्रमांकाच्या वर्गातील खोलीत एका घनफूट हवेमध्ये अर्ध्या मायक्रॉनचे किंवा मोठे कण शंभराहून अधिक असता कामा नयेत. शहरातल्या साध्या खोलीत ही संख्या लाखांच्या घरात असते.

गाळणी म्हटली की आपल्यासमोर चहाची गाळणी येते, परंतु ही तशी नव्हे. तिच्या तंतूंमधल्या फटी कणांपेक्षा मोठ्याच असतात. भर बाजारातून तिघे जण चालले आहेत असे समजा: एक जडदेही, जो वळण आले तरी वेळेवर वळू शकत नाही आणि कोणावर तरी आदळतो, दुसरा झोकांड्या खाणारा, जो सरळ चालूच न शकल्याने कोठेतरी जाऊन थडकतो, तिसरा बेताच्या अंगाचा आणि शुद्धीवर असलेला, तो तेवढा निसटतो. मोठे कण स्वतःच्या वेगाने तंतूवर आपटतात आणि चिकटतात. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तेही अडकतात. निसटू पाहतात ते सुमारे ०.३ मायक्रॉनचे, आणि म्हणून गाळणीची परीक्षा त्यांच्यावरच घेतात: दहा हजारांपैकी तीनांहून अधिक पलीकडे गेलेले चालत नाहीत.

रेझिस्ट असलेल्या दालनात दिवे पिवळे असतात, कारण प्रकाशाने बदलणारा लेप निळ्या आणि अतिनील किरणांनी बिघडतो. छायाचित्रे धुण्याच्या जुन्या खोलीतल्या तांबड्या दिव्याचे हे चुलतभाऊ. तपमान आणि दमटपणाही बांधून ठेवावा लागतो, नाहीतर लेपाची जाडी रोज निराळी येते. बाहेर मुंबईचा आषाढ कोसळत असताना आतली हवा कोरडी राखणे हा खर्चाचा मोठा भाग होऊन बसतो. इलेक्ट्रॉनांच्या यंत्राला निराळा पाया घालतात, कारण शेजारून गेलेली मालमोटार किंवा वरखाली करणारी लिफ्ट रेघ वाकडी करू शकते. हे पंखे आणि यंत्रे अहोरात्र चालतात. आत कोणी असो वा नसो, बिल चालू असते.

पाण्याची पाळी

येथवर आले की सामाईकपणाचे कारण उघड होते. इलेक्ट्रॉनांनी लिहिणारे एकच चांगले यंत्र कित्येक कोटी रुपयांचे. आणि त्या एका यंत्राने भागत नाही, लेपाचे, वाफेचे, कोरण्याचे, मोजण्याचे अशी कितीतरी यंत्रे हारीने लागतात. वेढणे घडविण्यास दोन दिवस पुरतात, पुढे ते मोजण्यात वर्ष जाते. एकट्या संशोधकाने हा पसारा मांडला तर यंत्र वर्षातून दोन दिवस चालावयाचे. १९७०च्या दशकात अमेरिकेत अशी धास्ती वाटू लागली की सूक्ष्मरचनेचे ज्ञान बेल आणि आयबीएमसारख्या धनाढ्य कंपन्यांच्या भिंतींआड राहील आणि विद्यापीठे मागे पडतील. तेव्हा तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने चढाओढीने जागा ठरवून १९७७ साली इथाका गावच्या कॉर्नेल विद्यापीठात एक राष्ट्रीय केंद्र उघडले, आणि बाहेरच्या अभ्यासकांना दारे खुली ठेवण्याची अट घातली. त्याच केंद्राचे आजचे रूप कॉर्नेलची नॅनोस्केल प्रयोगशाळा. २०१५ साली अशा सोळा ठिकाणांचे जाळे त्या देशात उभे राहिले.

दार उघडे ठेवले की कोण आत येईल याचा नेम नसतो. कॉर्नेलच्या केंद्राचे तत्कालीन संचालक एडवर्ड वुल्फ यांच्याकडे जॉन सॅनफर्ड नावाचे वनस्पती-संकरक आले, आणि दोघांनी १९८०च्या दशकात टंगस्टनचे सूक्ष्म कण कांद्याच्या पेशींत बंदुकीने मारण्याचे प्रयोग केले. वनस्पतींत बाहेरची जनुके घालणारी ‘जीन गन’ त्यातून निघाली. कांद्याचा वास त्या पवित्र हवेत किती दिवस दरवळला असेल कोण जाणे.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या तत्कालीन माहिती तंत्रज्ञान विभागाने २००६ साली पवईच्या आयआयटीत आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिकीची केंद्रे उभारण्यास पैसा दिला. आणि २००८ पासून इतर विद्यापीठांतील लोकांना तेथे येऊन काम करता यावे म्हणून ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम’ ही योजना अंमलात आली. अर्ज करावयाचा, काय घडवावयाचे ते लिहून द्यावयाचे, तो मंजूर झाला की शिकून परवाना मिळवावयाचा, आणि मग यंत्रावरचा आपला ‘स्लॉट’ येण्याची वाट पाहावयाची. धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीची येथे आठवण होते. बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे, परंतु ते कोणाच्या शेतात केव्हा वळेल हे पाटकरी पाळीने ठरवितो, आणि फडात कोणते पीक घ्यावयाचे हेही एकट्याच्या मर्जीवर नसते. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ हे तिचे पाटकरी. विद्यार्थी चार-पाच वर्षांत पदवी घेऊन जातो. कोणत्या यंत्राला पावसाळ्यात काय होते, कोणती ‘रेसिपी’ कागदावर बरोबर दिसते पण कधीच लागू पडत नाही, ही स्मृती या माणसांजवळ राहते. अशा केंद्रांच्या गौरवाच्या भाषणांत यंत्रांच्या किमती मोजल्या जातात आणि पाटकऱ्यांचे नाव येत नाही, ही आमच्या मते मोठी चूक आहे.

कोणाचे सोवळे, कोणाचे ओवळे

सामाईक कारखान्याची खरी अडचण मात्र पैशाची वा पाळीची नाही. ती अशी की येथे येणारा प्रत्येक जण निराळा पदार्थ घेऊन येतो, आणि एकाचा पदार्थ तो दुसऱ्याचा मळ होतो.

आपल्याकडे सोन्याला विटाळ नाही असे मानतात. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर करणाऱ्याला विचारा. तो सोन्याला सर्वांत मोठा विटाळ मानतो. भट्टीच्या उष्णतेत सोन्याचे अणू सिलिकॉनमध्ये झपाट्याने शिरतात आणि तेथे ऊर्जेच्या जिन्याच्या नेमक्या मध्यावर एक पायरी निर्माण करतात. वरचा इलेक्ट्रॉन एका उडीत खाली येण्यास कचरतो. मध्ये पायरी मिळाली की सहज उतरतो, आणि ज्या विद्युतभाराने ट्रान्झिस्टरचे काम चालावयाचे तो वाटेतच नाहीसा होतो. म्हणून सोन्याचा स्पर्श झालेली वेफर त्या भट्टीत कदापि जात नाही. सोन्याचे चिमटे निराळे, भांडी निराळी, डब्यांवर खुणा निराळ्या. भट्टीच्या नळीत एकदा सोने गेले की ते भिंतींत मुरते आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्यास जाते.

उलट आपल्या वेढणेवाल्याला सोने प्रिय आणि लोखंड ओवळे. दहा लाख सोन्याच्या अणूंत लोखंडाचे मोजके अणू जरी मिसळले, तरी ते टाळकऱ्यांना वाटेत गाठणारे बोलघेवडे ओळखीचे ठरतात आणि अतिशीत अवस्थेतही लय मोडतात. ज्या निर्वात भांड्यात त्याने सोने तापविले त्यातच गेल्या आठवड्यात चुंबकांचा अभ्यास करणाऱ्या कोणी लोखंड किंवा निकेल तापविले असेल, तर ते भांड्याच्या भिंतींवर आणि झाकणावर बसलेले असते. सबब चुंबकीय धातूंसाठी पुष्कळ ठिकाणी निराळे भांडे राखून ठेवतात.

सोवळे-ओवळे हे शब्द येथे वापरताना थोडे अवघडल्यासारखे होते, कारण आपल्या समाजात त्या शब्दांनी माणसांचे जे केले ते विसरण्यासारखे नाही. या खोलीतले सोवळे जन्माला लागत नाही. ते वस्तूच्या इतिहासाला लागते, संचालकाच्या चिमट्याला आणि झाडणाऱ्याच्या बादलीला सारखेच लागते, आणि त्याचे कारण विचारणाऱ्यास कोणीही ते सांगू शकतो. आमच्या पाहण्यात आलेले हे पहिलेच सोवळे, ज्याच्यावर वाद घालता येतो आणि प्रयोग करून ते मोडूनही काढता येते.

काही नियम जिवाच्या धास्तीचे असतात. काच विरघळविणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल कातडीवर पडले तर पुष्कळदा लगेच दुखतही नाही. ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून घेते आणि हृदयाची गती बिघडवू शकते. म्हणून त्या टेबलाशी एकट्याने काम करू देत नाहीत, आणि कॅल्शियमचे मलम हाताशी ठेवलेले असते.

परंतु बाकीचा कारभार चालतो तो नोंदवहीवर. प्रत्येक यंत्रापाशी एक वही, हल्ली बहुधा संगणकावरची: तारीख, नाव, कोणता धातू, किती जाडी, किती वेळ, काय बिघडले. शिपायाच्या हजेरीबुकासारखी ती दिसते. मात्र संघनित द्रव्याच्या प्रयोगात या वहीचे स्थान इलेक्ट्रॉनांच्या लेखणीइतकेच आहे, कारण नमुन्याच्या आत जे काही आहे त्याचा अर्धा इतिहास दुसऱ्यांनी घडविलेला असतो. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० सालच्या फेब्रुवारीत ग्रेनोबलच्या प्रबळ चुंबकापाशी जो शोध लागला, त्यातून विद्युतरोधाचे एक माप, सुमारे २५,८१२.८०७ ओहम, निसर्गाने स्वतःच नेमून दिल्याचे कळले; तो शोध त्यांनी स्वतः न घडविलेल्या सिलिकॉनच्या नमुन्यांवर लागला, आणि त्या निबंधावर त्यांच्यासोबत गेर्हार्ड डोर्डा व मायकेल पेपर यांची नावे आहेत. कोणी घडवावे आणि कोणी मोजावे, आणि मोजणाऱ्याने घडविणाऱ्याच्या हातावर विश्वास ठेवावा, हा या शास्त्राचा जुना शिरस्ता आहे.

आपला विद्यार्थी वेढणे घेऊन मोजमापाच्या खोलीत येतो. केसाहून बारीक तारांनी ते जोडतो, जोडताना स्वतःच्या अंगातली स्थिरविद्युत त्यात उतरून ते जळू नये म्हणून मनगटाला जमिनीशी बांधलेला पट्टा घालतो, आणि नमुना शीतपात्रात उतरवितो. तपमान निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या काही शतांशांवर येईपर्यंत एक-दोन दिवस जातात. मग तो चुंबकक्षेत्र हळूहळू वाढवू लागतो. कागदावर लाटा उमटल्या तर रात्रभर तेथेच बसतो. रेघ सरळ गेली, तर तपमान पुन्हा एकदा वाचतो, तारा तपासतो, आणि मग सिद्धान्ताची पुस्तके न उघडता खाली क्लीनरूमकडे जाऊन वाफेच्या भांड्याची वही मागतो, आपल्या आधी त्यात कोणी काय तापविले होते ते पाहण्यासाठी.